सौरडाग क्रमांक की सौरडाग संख्या?

मुळामुठा: सूर्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. एकाच परिच्छेदात दोन आकडे आहेत. एक नोआचा (अमेरिकेची सागर-हवामान संस्था, सूर्याचं काम बोल्डरहून चालतं), डागांच्या प्रदेशाला दिलेला, म्हणजे १३६६४ वगैरे. दुसरा झुरिकच्या खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फच्या पद्धतीचा, सूर्यावर डाग किती ते सांगणारा. मी पहिल्याला 'क्रमांक' आणि दुसऱ्याला 'संख्या' केलं होतं. संपादकांनी दोन्हीकडे 'सौरडाग क्रमांक' करून टाकलं. काय ठेवू?

दुर्बीणवाला: क्रमांक म्हणजे रांगेतली जागा. नोआची ही रांग जानेवारी १९७२ पासून चालू आहे. २००२ मध्ये १०००० चा टप्पा आला, तरी रोजच्या अहवालात शेवटचे चारच अंक देतात, म्हणून १३६६४ बऱ्याच ठिकाणी ३६६४ दिसेल. वोल्फच्या आकड्याला क्रमांक म्हणणं साफ चूक.

सदाशिव: पण 'संख्या' तरी कुठे बरोबर? वोल्फ समूहांना दहाने गुणून त्यात सुटे डाग मिळवतो. निरीक्षकागणिक बदलणारा गुणक एक धरला, तर एकुलत्या एका डागाचे होतात अकरा! वाचक उरलेले दहा शोधत बसेल. 'निर्देशांक' म्हणा.

वऱ्हाडी: निर्देशांक फार पुस्तकी. 'डागांचा आकडा' म्हणा, पोरांनाही कळेल.

सदाशिव: परिभाषा पोरांना कळावी म्हणून सैल करायची नसते, दादा. आकडा कशालाही चालतो, हीच तर अडचण आहे.

मुळामुठा: आणखी एक. तोच १३६६४ पुढच्या फेरीत १३६९७ आणि त्याच्या पुढच्या फेरीत १३७२३ झाला. 'डाग पुन्हा उगवला' लिहिलं तर चालेल?

दुर्बीणवाला: चालेल. मे २०२४ मध्ये दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडून आम्ही हाच समूह पाहत होतो. काजळाची बोटं उमटावीत तसे गडद ठिपके आणि भोवती करडी किनार. रोज थोडा सरकून शेवटी पश्चिम कडेला चपटा होत गेला. त्याच्याच उद्रेकांमुळे १० मेच्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता. सूर्य साधारण २७ दिवसांत फिरून तोच भाग समोर आणतो. मधले दोन आठवडे तो पलीकडे असतो, म्हणून पूर्व कडेवर आला की नोआ नवा क्रमांक देते. आमच्यात 'उगवला'च म्हणतात.

सदाशिव: उगवतो तो सूर्य. डाग पडतो.

वऱ्हाडी: मग दोन्ही शब्द ठेवा की! डोळ्यांदेखत बिंबाच्या मध्यावर नवा तयार झाला तर 'डाग पडला', कडेवरून वळून आला तर 'उगवला'. दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मराठीत दोन्हींसाठी शब्द आहेत.

दुर्बीणवाला: हे मला पटलं. वहीत असंच लिहीन.

सदाशिव: मूळ 'डाग' शब्दच मला खटकतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्यबिंबावरच्या तेहतीस 'तामसकीलकां'ची फळं सांगितली आहेत. तोच शब्द घ्यावा.

वऱ्हाडी: ते राहूचे पुत्र, शकुन-अपशकुनाचे! चुंबकीय क्षेत्रामुळे थंड पडलेल्या भागाला ते नाव कशाला?

सदाशिव: 'ग्रह' शब्दही फलज्योतिषात वापरतातच, तो टाकला का आपण? कीलक म्हणजे खुंटी, आपला खिळाही त्याच कुळातला.

मुळामुठा: मजकूर उद्या छपाईला जातोय. संख्या की निर्देशांक?

वऱ्हाडी: आकडा.

सदाशिव: निर्देशांक. आणि ताई, तळटीपेत तामसकीलक नक्की द्या.