पाच दिवसांचं शिंगरू, आई गेली. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची घोडी व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली. मागे राहिलेलं शिंगरू, मादी आहे, आज पाच दिवसांचं झालं. नशिबाने पहिल्या काही तासांत ते आईचा चीक पोटभर प्यायलंय. डॉक्टरांनी रक्तही तपासलं, ते ठीक आहे.

शिंगरांसाठीची दूध पावडर दर दोन तासांनी देतोय, रात्रीसुद्धा. (झोप कशाला म्हणतात ते विसरलो.) वजन ५० किलोच्या आसपास, दिवसाला साधारण १० लिटर दूध जातं. गाईच्या दुधात चरबी जास्त आणि साखर कमी, म्हणून ते टाळलंय.

खरी अडचण बाटलीची. मान खालीच ठेवतो, तरी कधीकधी दूध नाकातून येतं. टाळूला फट नाही, डॉक्टरांनी पाहिलंय. पण दूध फुप्फुसात जाईल ही धास्ती आहेच. बादलीतून प्यायला कसं शिकवलंत? बोट चोखायला देऊन तोंड दुधात नेलं, तर फुरफुरून सगळं माझ्या अंगावर!

आणखी एक. ते दिवसभर माझ्याच मागे असतं, खेळताना माझ्यावर पुढचे पाय टाकतं. आज गोड वाटतं, पण तीनशे किलोचं झाल्यावर? सोबतीला शांत म्हातारी घोडी आहे. तिच्याजवळ कधीपासून सोडावं? कोणी केलंय का असं?