१९९४ ची बोट: ३००० च्या वर इंजिन तापतं, वळताना घरघर. आधी काय उघडू?

खाडीकाठ (न्यू जर्सी)
मंडळी, बार्नेगॅट बेमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात ठेवलेली बोट आहे. मर्क्रुझर ४.३ लिटर व्ही६, अल्फा वन जेन टू ड्राइव्ह (बोटीच्या मागे पाण्यात असलेला, प्रॉपेलर फिरवणारा भाग), हीट एक्स्चेंजर नाही, म्हणजे खाडीचं पाणीच थेट इंजिनात फिरतं. तीन लक्षणं आहेत:
१) ३००० आरपीएमच्या वर पाच मिनिटांत काटा १६० वरून २०० फॅरनहाइटला जातो. वेग कमी केला की खाली येतो. दारात मफ्स (ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर बसवायच्या, नळाला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून चालवली तर अजिबात तापत नाही.
२) स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून घरघर.
३) गिअरमधून न्यूट्रलला आणताना कधीकधी इंजिन बंद पडतं.
थर्मोस्टॅट नवा आहे. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) घालू की मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा, पाण्याने गार होणारा भाग)? बजेट बेताचं आहे, त्यामुळे क्रम सांगा.

मांडवी_धक्का (पणजी)
लक्षणं छान वेगळी करून लिहिलीत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. एक गैरसमज आधी दूर करतो. मफ्सवर गार राहते म्हणून पंप चांगला, असं धरू नका. तिथे नळाच्या दाबानेच पाणी वर ढकललं जातं, इंपेलरची परीक्षा होतच नाही.

अल्फाचा पंप ड्राइव्हच्या आत, खालच्या युनिटच्या डोक्यावर असतो, म्हणजे वरचं-खालचं युनिट वेगळं करावंच लागतं. उघडल्यावर नुसता इंपेलर बदलून बंद करू नका. हाउसिंगच्या आतल्या स्टीलच्या वाटीवरून आणि खालच्या पातळ प्लेटवरून नख फिरवा. नख अडकेल इतके ओरखडे असतील तर नवा इंपेलरही दाब धरणार नाही, पूर्ण किट घ्या.

जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पाण्याच्या वाटेत पुढे कुठेतरी बसलाय. पहिली जागा पॉवर स्टिअरिंगच्या ऑइल कूलरचं तोंड. होज काढून टॉर्च मारली की काळा रबराचा तुकडा, कधी शेवाळ, जाळीवर चिकटलेलं दिसतं. तेवढ्यानेही वरच्या आरपीएमला पाणी कमी पडतं.

रायझर_गंज (टेक्सास)
वरच्या सल्ल्याला जोड. खाऱ्या पाण्यात मॅनिफोल्ड आणि रायझर (मॅनिफोल्डवर बसणारा, धूर आणि पाणी बाहेर नेणारा कोपरा) पाच-सात वर्षांचे सोबती. किती जुने आहेत ते माहीत नसेल तर तिथे काटकसर नको. वाट बुजली की इंजिन तापतं, पण खरी भीती वेगळी आहे: रायझर-मॅनिफोल्डमधला जोड आतून खाल्ला गेला की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून स्टार्टर मारताना कनेक्टिंग रॉड वाकतो.

ड्राइव्ह काढण्याआधी हे करा. चालत्या इंजिनावर दोन्ही रायझरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर तापलेल्या बाजूची वाट बुजली आहे. मग सहाही प्लग काढून क्रमाने मांडा. एखाद्यावर गंज दिसला तर तिथे पाणी आलंय. लगेच कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) मोजा: इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली, प्रत्येकी चार-पाच फेरे. आकडा १५० पीएसआयच्या आसपास आणि सहांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर हेड गॅस्केट बघा.

मांडवी_धक्का
आता घरघर. वळवल्यावरच येते म्हणजे गिंबल बेअरिंग (इंजिनाकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या शाफ्टचा आधार) किंवा यू-जॉइंट (त्याच शाफ्टचा वळणारा सांधा). ड्राइव्ह काढताना गिअर फॉरवर्डमध्ये ठेवा, ट्रिम सिलिंडर (ड्राइव्ह वर-खाली करणारे) सोडवा, मग ५/८ चे सहा नट. जड असतो, दोघं लागतात. बेअरिंगमध्ये बोट घालून आतली रिंग फिरवा. खरखर लागली किंवा तांबूस पाणी आलं तर बेअरिंग गेलं, आणि त्याचं कारण फाटलेला बेलोज (पाणी आत येऊ न देणारी घडीदार रबरी नळी). नुसतं बेअरिंग बदलाल तर महिन्याभरात पुन्हा तेच. यू-जॉइंटचा, एक्झॉस्टचा आणि शिफ्ट केबलचा, तिन्ही बेलोज एकदमच घाला. शिफ्ट केबलचा छोटा असला तरी तो फाटला तर पाणी थेट बोटीत येतं.

परत बसवण्याआधी अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते बघायची सळई) घाला. दोन बोटांनी सरकून कपलरमध्ये (इंजिनाच्या मागचा, शाफ्ट अडकवायचा दात्यांचा जोड) जायला हवा. ठोकावा लागला तर पुढचे इंजिन माउंट वर-खाली करा, नाहीतर कपलरचे दाते झिजतील. नट ५० फूट-पाउंड.

खाडीकाठ
आणि बंद पडण्याचं?

रायझर_गंज
इंजिनावरच्या शिफ्ट प्लेटवर एक छोटा स्विच आहे. गिअर सुटावा म्हणून तो क्षणभर स्पार्क तोडतो. खालची शिफ्ट केबल जड झाली की तो दाबलेलाच राहतो आणि इंजिन बसतं. बहुतेक जण स्विच बदलतात, दोष मात्र केबलचा असतो. केबल प्लेटपासून सोडवा आणि हाताने मागेपुढे ओढा. अडकली तर नवी घाला. ड्राइव्ह बाहेर आलेलाच आहे, म्हणून हे काम त्याच वेळी उरका. स्विच वगळून वायरी थेट जोडू नका, गिअरचे कोपरे झिजतात.

मांडवी_धक्का
ड्राइव्ह उतरवलेला असेल तेव्हा गिअर ऑइलही बघा. दुधाळ असेल तर प्रॉपच्या शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळून सील कापलेलं असतं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरून वाहेपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

खाडीकाठ
म्हणजे आधी प्लग, कॉम्प्रेशन, रायझर. मग ड्राइव्ह उतरवून पंप किट, बेअरिंग, तीन बेलोज, केबल. शनिवारी प्लग काढतो आणि सहा आकडे इथेच टाकतो.