उन्हाळ्यातली जवळची भटकंती: नागपूरकरांनो, तुमचा रस्ता सांगा

कूलरला वाळ्याच्या ताट्या लागल्या, पोरांना सुट्ट्या लागल्या. लांबच्या गाड्यांचं आरक्षण कधीच भरलं. पण गाडीने दोन-चार तासांत पोचता येईल असं आपल्या आसपास किती आहे! कुठे गेलात, किती वाजता निघालात, काय पाहिलं, ते लिहा.

त्रिमूर्तीनगरहून
आमचा ठरलेला रस्ता जबलपूरचा. पहाटे पाचच्या आत कामठी मागे टाकायची, मग मनसरपर्यंत काचा खाली. मनसरला वाकाटककालीन विटांचे अवशेष आहेत. आठनंतर त्या टेकडीवर पाय ठेववत नाही. तिथून रामटेकचं गडमंदिर जवळच. पण मला विचाराल तर खरी मजा पुढे, सिल्लारीच्या वाटेवर. एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. झाडाखालची जागा झाडून ठेवलेली असते आणि बायाबापड्या टोपल्या घेऊन उजाडायच्या आधीपासून वेचत असतात. फूल हातात घेतलं तर पिवळसर, रसाळ, बोटाला चिकटणारं. वास दिवसभर जात नाही. वेचणाऱ्यांना विचारूनच थांबा, ती त्यांची वर्षाची कमाई आहे. पानगळ झालेली असल्याने जंगल आरपार दिसतं. कुलूची पांढरी खोडं इतकी उठून दिसतात की पावसाळ्यात हेच रान आहे यावर विश्वास बसत नाही.

नंदनवनहून
आम्ही कुहीमार्गे अंभोऱ्याला जाऊन राहिलो दरवर्षी. वैनगंगेत इथे कन्हान, आंब मिळतात, वर चैतन्येश्वराचं देऊळ. आता नवा केबलचा पूलही झाला, वरून गोसेखुर्दचं पाणी लांबवर दिसते. सोबत आई होती, म्हणून सहालाच पोचलो आणि दहाच्या आत घरी. पन्ह्याची बाटली आणि सर्वांच्या डोक्याला दुपट्टा, एवढं पाहिजेच बाप्पा.

प्रतापनगरहून
चिखलदरा. सुमारे ११०० मीटर उंची, त्यामुळे संध्याकाळी बाहेर बसता येतं, नागपूरकराला आणखी काय हवं? उन्हाळ्यात धबधबे आटलेले असतात, ते गृहीत धरा. गाविलगड मात्र सकाळीच पाहा. परतवाड्यानंतर घाट आहे, गाडीचं कूलंट निघायच्या आधी तपासा.

त्रिमूर्तीनगरहून, पुन्हा
अंभोऱ्याच्या ताईंना विचारायचं होतं, पुलापाशी गाडी सावलीत लावायला जागा आहे का? माझ्या सासऱ्यांना फार चालवत नाही, पण त्यांना संगम बघायचाच आहे. पुढच्या रविवारी निघतोय.