मदत हवी आहे: लेथवरच्या जुन्या हातांना सीएनसी कशी शिकवायची?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू फिरवून कातायचं वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर आकडे भरून चालवायची मशीन घेतली. येळ्ळूर-मच्छेहून येणारे आमचे तिघे टर्नर २५ वर्षं लेथवर आहेत. नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं सांगतात. स्क्रीनपुढं मात्र हात मागं घेतात. प्रोग्रॅममधलं जी०० म्हणजे टूल हवेत पळवायचं, जी०१ म्हणजे कापत न्यायचं, हे मी वहीत मराठीत लिहून दिलं, ते जमलं. अडतंय ऑफसेटला, म्हणजे टूलची जागा किती सरकवायची तो आकडा भरायला. परवा तिघांतल्या मामांनी ०.२ ऐवजी २ भरलं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) फुटलं. तेव्हापासून ते मशीनजवळ फिरकत नाहीत, जेवताना बोलतही नाहीत. ट्रेनर आला तो इंग्रजी-कन्नडमध्ये भराभर सांगून गेला. या तिघांना बाजूला सारून नवी पोरं घ्यायची नाहीत मला. अशा माणसांना कुणी शिकवलंय का? सुरुवात कुठून केली?