पोलीस, वनरक्षक आणि दीडपट पगार

वर एकांनी लिहिलंय की पोलीस शिपाई आणि वनरक्षक एकाच वेतनश्रेणीत बसवले की प्रश्न मिटला. मला नाही पटत. श्रेणी ही फक्त सुरुवात. खरा फरक पडतो भत्त्यांत आणि कामाच्या तासांत.

गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांना दीडपट वेतन मिळतं, आणि ते योग्यच आहे. म्हणजे जोखमीचे वेगळे पैसे द्यायचे, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग त्याच जंगलात हातात काठी घेऊन बीट (नेमून दिलेला जंगलाचा पट्टा) फिरणाऱ्या वनरक्षकाचं काय? त्याला फार तर एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरची श्रेणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पाहणीवर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ही जोखीम कुठल्या रकान्यात भरणार?

तासांचंही तेच. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तोही एका शिपायाच्या सूचनेवरून. वनखात्यात तर ड्युटी कधी संपते हेच ठरलेलं नसतं (वणव्याच्या दिवसांत विचारूच नका). आधी तास मोजा, मग श्रेणीवर भांडू.