जिवंत शेवंड पहिल्यांदाच घरी करताय? उकळत्या पाण्यात सोडू नका

कोथरूडकर
पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटला आधी सांगून ठेवलं तर जिवंत शेवंड (आपल्याकडचा काटेरी लॉबस्टर) मिळू शकते. घरी आणल्यावर बरेच जण परदेशी व्हिडिओ बघून पातेलंभर पाणी उकळवतात आणि ती जिवंतच आत सोडतात. हे करू नये असं माझं ठाम मत आहे. तिचे हाल होतात आणि मांसही बिघडतं.

मुळात व्हिडिओतला प्राणी वेगळा. त्याला दोन मोठ्या नांग्या असतात, त्यांना रबर लावलेलं असतं. आपल्या शेवंडीला नांग्या नाहीत. जाड काटेरी मिशा, पाठीवर काटे, आणि खाण्यासारखा बहुतेक माल शेपटीत. ६०० ग्रॅमच्या शेवंडीतून मांस निघतं साधारण २०० ग्रॅम. त्यामुळे तिथल्या शिजवायच्या वेळा इथे लावल्या की मांस रबरासारखं होतं.

ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजरमध्ये ३० ते ४० मिनिटं ठेवा. त्याहून जास्त नको, कडेचं मांस गोठतं आणि शिजताना पाणी सोडतं. बाहेर काढल्यावर डोळ्याला आणि मिशीच्या मुळाशी बोट लावून बघा. जराही हलली तर परत १० मिनिटं आत. निपचित झाली की पाटावर ओला टॉवेल पसरून उताणी ठेवा. सुरी ८ इंची, वजनदार. छाती आणि शेपूट जुळतात तिथं मधोमध टोक रोवून डोळ्यांच्या दिशेनं एका दाबात चिरायचं, लगेच वळवून शेपटी उभी चिरायची. सगळं १० सेकंदांच्या आत. नुसतं डोक्यात टोक खुपसून ती मरत नाही. माणसासारखा एकच मेंदू तिला नसतो, पोटाच्या बाजूनं मध्यरेषेत मज्जातंतूंच्या गाठींची साखळी असते. ती अख्खी उभी कापली जायला हवी. नंतरही पाय थोडा वेळ हलतात, त्याला घाबरू नका.

वाटपघाटप
मला हे पटत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात ८ इंची सुरी, खाली गोल, ओलं, काटेरी कवच. सुरी सटकणारच. आणि घाबरून अर्धवट चिरली तर उकळण्यापेक्षा जास्त हाल. गार करून बधिर केलेली शेवंड खळखळत्या पाण्यात डोक्याकडून सोडणं नवख्या माणसाला जास्त जमेल.

उकळून बिघडते ती पातेलं लहान असतं म्हणून. दोन लिटर पाण्यात अर्ध्या किलोची गार शेवंड टाकली की उकळी बसते आणि घरगुती गॅसवर परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात ती हळूहळू तापते, पाय गळून पडतात, मांस पिठूळ होतं. एका शेवंडीला किमान ६ लिटर पाणी घ्या, लिटरला ३० ग्रॅम मीठ, तेही वजन करून. एका वेळी एकच. ५०० ग्रॅमला परत उकळी आल्यापासून ८ मिनिटं, त्यापुढे दर १०० ग्रॅमला एक. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यानं इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून अर्धं मिनिट जास्त दिलं तरी चालेल. मिशी ओढल्यावर अलगद निघाली की झाली. लगेच बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं, नाहीतर कवचातली उष्णता तिला आतून शिजवत राहते.

उकळताना सूं असा आवाज येतो ती कवचातून सुटणारी वाफ आहे, किंकाळी नाही. जिवंत शेवंड हातात धरल्यावर जी कर्रकर्र करते तो आवाज वेगळा, तो मिशीच्या मुळाशी घासून काढते. विकत घेताना तो ऐकू आला तर चांगलंच.

कोथरूडकर
किंकाळी नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. स्वित्झर्लंडनं २०१८ मध्ये बधिर न करता जिवंत उकळण्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून खेकडे, शेवंडी यांना संवेदना असते असं मानण्याइतका पुरावा आहे असा निष्कर्ष दिला, आणि २०२२ च्या तिथल्या कायद्यात हे प्राणी धरले गेले. गारठवणं म्हणजे पूर्ण भूल, अशी खात्री देता येत नाही. म्हणून त्यानंतर लगेच चिरायची.

सुरी सटकते हे खरं. म्हणूनच उताणी ठेवायला सांगितलं: पोटाकडचं कवच मऊ असतं. जाड हातमोजे घाला आणि मिशा बाजूला धरायला दुसरं माणूस घ्या.

हर्णेची चव
तुमचा वाद मारायच्या पद्धतीवर आहे. मी म्हणतो, पुण्यात जिवंत आणायचा हट्टच कशाला? घाट चढून चार-सहा तासांनी ती येते, मग पाटीत पडून राहते, मग दुचाकीला लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घरी. वाटेत गुदमरून मेली तर पैसे वाया. शेवंड मेली की डोक्यातल्या हिरवट पिवळ्या ग्रंथीतले पाचक रस शेपटीत उतरतात आणि मांस आतून विरघळायला लागतं. कितीही शिजवा, लगदा तो लगदाच, आणि त्यात जंतू वाढलेले असतील तर पोटालाही बाधतं. तेव्हा आपल्यासमोर मासळीवाल्याकडून मारून घ्या आणि शेपूट वेगळं करून बर्फात आणा. ग्रंथी डोक्याबरोबर गेली, त्यामुळे शेपूट दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तम राहतं. ओट्यावर तडफड नाही, मुलांसमोर रक्तपात नाही.

कोथरूडकर
शेपटीचा मुद्दा मान्य, पण एक दुरुस्ती. बाजारात बऱ्याचदा जिवंत शेवंडीचं शेपूट पिळून तोडतात आणि डोकं मिशा हलवत बाजूला पडून राहतं. हा सगळ्यात वाईट प्रकार. आधी डोकं-छाती उभी चिरून मग शेपूट तोडायला स्पष्ट सांगा. नाही म्हणाला तर घेऊ नका.

हर्णेची चव
हे बरोबर, सांगायलाच हवं.

गाभोळी नको
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. शेपटीखाली नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा घोस दिसला तर ती अंड्यांवरची मादी आहे. दुप्पट पैसे देऊ नका, घेऊच नका. आकारही बघा. आपल्याकडच्या चिखली शेवंडीला निर्यातीसाठी किमान ३०० ग्रॅमची अट आहे. घरच्यासाठीही तीच पाळा, त्याहून लहान शेवंडीत मांस तरी किती निघणार! मुंबईजवळची चपटी शेवंड १९९० च्या दशकात अतिमासेमारीनं जवळपास संपली. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ‘ताजी’ म्हणून कुणी देत असेल तर कुठून आली ते विचारा.

वाटपघाटप
हे पूर्ण मान्य. आणि आणताना प्लास्टिकची पिशवी कधीच नको. ओलं गोणपाट किंवा ओला वर्तमानपत्राचा कागद, उघडी पिशवी, घरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. नळाच्या पाण्यात सोडली तर मरते, गोडं पाणी तिला सोसत नाही. उचलल्यावर शेपूट झटक्यानं पोटाकडे आवळलं पाहिजे. लोंबलं तर परत करा.

पण चिरण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. मदतीला माणूस नसेल, सुरीला धार नसेल, तर गारठवून उकळा. अर्धवट चिरण्यापेक्षा ते बरं.

कोथरूडकर
धार नसेल तर त्या दिवशी शेवंड आणू नका, किंवा वर लिहिलंय तसं बाजारातच चिरून घ्या. तिसरा चांगला मार्ग आहे तो.

चिरलेली असली की कालवणही नीट होतं. डोळ्यांमागची वाळूची पिशवी आणि कल्ले काढून टाका. शेपटीतला काळा दोरा आता समोरच दिसतो, उचलून घ्या. (अख्खी उकळायची असेल तर मिशीचा तुकडा तोडून शेपटीखालच्या भोकात घालून पिळा, दोरा त्याला अडकून बाहेर येतो.) हळद, मीठ, लिंबू लावून १० मिनिटंच, जास्त ठेवलं तर आंबटानं मांस खडूसारखं होतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, दोन चमचे मालवणी मसाला, चार आमसुलं घालून रस्सा आधी पूर्ण उकळून घ्या. चिरलेले अर्धे भाग सगळ्यात शेवटी, कवच खाली करून, झाकण ठेवून ६ ते ७ मिनिटं. काचेसारखं मांस पांढरं झालं की गॅस बंद.

आणि पाहुण्यांपैकी कुणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर त्यांना रस्साही वाढू नका. शिजवल्यानं ती जात नाही.