फोम टेप सुटते, कडी लागत नाही

दाराच्या फटीतून येणारा गार वारा अडवायला चौकटीला लावलेली फोम टेप महिन्यात सुटली आणि दाराची कडीही लागेना, असं तुम्ही लिहिलंय. कारणं दोन. ऑइलपेंटवर तेलकट धूळ राहिली की गोंद धरत नाही. चौकट आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसा. शिवाय ग्वाल्हेरच्या जानेवारीत टेप दुपारीच लावा, गार लाकडावर ती पकड घेत नाही.

कडी अडते ती जाडीमुळे. फट ४ मिमी असेल तर ६ मिमीची टेप पुरे, दाबून नीट बसते. १० मिमीची लावली तर बिजागऱ्यांवर ताण येतो. चिकटवायची चौकटीच्या खाचेत, दार टेकतं तिथे.

दाराखाली मात्र फोम नकोच, घासून फाटतो. अ‍ॅल्युमिनियमची ब्रशपट्टी स्क्रूनं बसवा, केस फरशीला जेमतेम टेकतील इतकी. मे महिन्यात लूची, म्हणजे उत्तरेतल्या उन्हाळी गरम वाऱ्याची, धूळही तीच अडवते. फट लाकूड ठोकून बुजवू नका, पावसाळ्यात दार फुगून अडकेल.